मुखवटा उतरविणारा सरदार : ला रोशफूको

शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी एक सुविचार लिहिण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली आहे. खरे बोलावे, गर्व करू नये, केलेले उपकार विसरू नयेत, अशा अर्थाचे ते एखादे वाक्य असते. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुसले जाऊन तेथे नवे येते. आज ज्या लेखकाची ओळख करून द्यायची आहे, त्यानेही आयुष्याची शेवटची वीसेक वर्षे अशीच छोटी छोटी वाक्ये लिहिण्यात घालविली. त्याच्या पुस्तकाच्या अखेरच्या आवृत्तीत ती ५०४ आहेत. पण त्यांपैकी फारच थोडी फळ्यावर लिहिण्याजोगी आहेत. सुविचार माणसाने कसे वागावे ते सांगतो. हा लेखक मात्र निराळाच प्रश्न विचारीत बसला. माणूस चांगला वागतो, ते नेमके कशासाठी?

त्याचे नाव फ्रान्स्वा द ला रोशफूको. फ्रान्समधील एका फार जुन्या सरदार घराण्यात, पॅरिस येथे १५ सप्टेंबर १६१३ रोजी त्याचा जन्म झाला. पुस्तकी शिक्षण बेताचेच झाले. चौदाव्या वर्षी लग्न झाले आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच, १६२९ साली, तो इटलीतील लढाईवर गेला. वडील हयात असेपर्यंत तो मार्सियाकचा प्रिन्स म्हणून ओळखला जाई. ड्यूक ही पदवी त्याच्याकडे आली ती १६५० मध्ये, वडील वारल्यावर.

त्या वेळी राज्यावर तेरावा लुई होता, पण सत्ता होती कार्डिनल रिशल्यू या मंत्र्याच्या हाती. सरदारांची मान वाकवून सारी सत्ता राजाच्या, म्हणजे पर्यायाने स्वतःच्या, मुठीत आणण्याचे त्याचे धोरण होते. साहजिकच जुन्या घराण्यांना तो डोळ्यांसमोर नकोसा झाला होता. राणी अ‍ॅन हिचेही त्याच्याशी पटत नसे. तरुण मार्सियाक राणीच्या पक्षाचा झाला. १६३७ साली राणीला गुपचूप ब्रसेल्सला पळवून नेण्याच्या बेतापर्यंत त्याची मजल गेली, असे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. बेत फसला. आठ दिवस बास्तीयच्या तुरुंगात काढून त्याला आपल्या व्हर्तय येथील गढीवर सक्तीने जाऊन राहावे लागले.

१६४२ च्या डिसेंबरात रिशल्यू मेला. पुढच्या मे महिन्यात राजाही वारला. गादीवर चार वर्षांचा चौदावा लुई आला आणि राणी अ‍ॅन राज्यकारभार पाहू लागली. आपण राणीसाठी तुरुंग भोगला, आता आपले दिवस आले, असे मार्सियाकला वाटले. पण राणीने कारभार सोपविला तो माझारिन या इटलीहून आलेल्या कार्डिनलवर. जुन्या मित्रांच्या वाट्याला गोड शब्द आले.

आता पुढे जे घडले ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. या शूर तरुणाला सरकारकडून काय हवे होते? एक सुभेदारी हवी होती. ती त्याने १६४६ मध्ये तीन लाख लिव्र मोजून विकत घेतली, तो पॉइतू प्रांताचा सुभेदार झाला. पण त्याहून अधिक जिवाला लागलेली मागणी होती ती एका स्टुलाची. होय, स्टुलाची! फ्रेंच दरबारात राणीसमोर सर्वांनी उभे राहायचे असे. केवळ ड्यूकांच्या बायकांना आणि काही मोजक्या घराण्यांतील स्त्रियांना पाठ नसलेल्या छोट्या स्टुलावर बसण्याचा मान होता. तो मान आपल्या पत्नीला मिळावा आणि आपली घोडागाडी लूव्हरच्या राजवाड्याच्या आतील चौकापर्यंत जावी, अशी त्याची मागणी होती. माझारिनने आशा दाखविली आणि ऐन वेळी टाळले. १६४९ मध्ये हा मान एकदाचा मिळाला. परंतु इतर सरदारांनी सभा भरवून इतका गिल्ला केला की तो परत घेण्यात आला. आपण हसतो. पण आपल्याकडच्या एखाद्या समारंभात पहिल्या रांगेतील खुर्च्यांवरून कसे रुसवेफुगवे होतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला स्टुलासाठी बंडात उतरणारा ड्यूकपुत्र फारसा परका वाटू नये.

बंड झाले ते १६४८ ते १६५३ या काळात. इतिहासात त्याला ‘फ्रॉन्द’ म्हणतात. फ्रॉन्द म्हणजे गोफण. पॅरिसमधील उनाड पोरे गोफणीने दगड मारीत आणि शिपाई आला की पळून जात, त्यावरून हे नाव पडले. बंडाची सुरुवात करवाढीवरून झाली. पॅरिसच्या न्यायाधीशांच्या सभेने वाढत्या करांना विरोध केला आणि शहर उठले. नंतर त्यात सरदार शिरले आणि प्रत्येकाने आपापले गाऱ्हाणे पुढे केले. आज जो राणीच्या बाजूचा, तो उद्या बंडखोर. आणि परवा पुन्हा राणीच्या बाजूचा. फ्रान्सचा सर्वांत पराक्रमी सेनापती कोंदे आधी राणीसाठी पॅरिसला वेढा घालून बसला आणि पुढे तोच राणीविरुद्ध लढला. ओठांवर प्रत्येकाच्या प्रजेचे हित होते. प्रजेच्या वाट्याला मात्र जळालेली शेते, लुटलेली गावे आणि दुष्काळ आला.

या गोंधळात आपला नायक पुढच्या फळीत होता. कोंदेची बहीण, लाँगव्हीलची डचेस, ही बंडाची एक सूत्रधार. तिच्याशी त्याचे प्रेमसंबंध होते. १६४९ च्या जानेवारीत तिला झालेला मुलगा त्याचाच, हे सर्व पॅरिसला ठाऊक होते. जानेवारी १६५० मध्ये माझारिनने कोंदेला कैद केले. त्याच सुमारास ला रोशफूकोचे वडील वारले. अंत्यविधीसाठी त्याने आसपासच्या सर्व सरदारांना माणसांसह व्हर्तयला बोलाविले आणि जमलेल्यांना घेऊन तो सरळ लढाईवर निघाला. बापाच्या मयतीचे फौजेत रूपांतर! सरकारनेही उट्टे काढले. व्हर्तयची त्याची वाडवडिलांची गढी पाडून टाकण्यात आली.

१६५१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या न्यायसभेच्या इमारतीत त्याची गाठ पूर्वीचा साथीदार आणि आताचा वैरी गोंदी याच्याशी पडली. हाच गोंदी पुढे कार्डिनल द रेत्झ म्हणून प्रसिद्धीस आला. ला रोशफूकोने दाराच्या दोन फळ्यांमध्ये त्याची मान धरली आणि याला भोसका म्हणून आपल्या माणसांना ओरडून सांगितले. गोंदी वाचला तो इतरांनी मध्ये पडून त्याला सोडविल्यामुळे. गंमत अशी की पुढे या दोघांनीही एकमेकांची शब्दचित्रे लिहिली आणि फ्रेंच वाङ्मयात ती दोन्ही आजही वाचली जातात.

शेवट २ जुलै १६५२ रोजी आला. पॅरिसच्या सेंट आंत्वान उपनगरात कोंदेची फौज आणि राजाची फौज यांची गाठ पडली. बंदुकीची एक गोळी ला रोशफूकोच्या चेहऱ्याला आरपार छेदून गेली. दोन्ही डोळे जाता जाता वाचले. काही काळ त्याला दिसतही नव्हते. पुढच्या वर्षी माझारिन विजयी होऊन पॅरिसला परतला. ला रोशफूकोजवळ काय उरले? गढी पडलेली, कर्जाचा डोंगर, अधू दृष्टी आणि हळूहळू जडत गेलेला संधिवात. ज्या डचेससाठी त्याने एवढे केले, तिनेही त्याच्याशी संबंध तोडले होते; पुढे ती संसारातून मन काढून धर्माचरणाकडे वळली.

येथे एका माणसाची आठवण करणे भाग आहे. गूरव्हील हा ला रोशफूकोच्याच गावचा, त्याच्याकडे खासगी नोकर म्हणून लागलेला तरुण. हुशारीने तो पुढे सरकारी वसुलीच्या व्यवहारात शिरला आणि धनवान झाला. जुन्या मालकाची पडती स्थिती पाहून त्याने पैसे पुरविले आणि विस्कटलेली मिळकत सावरून दिली. कृतज्ञता म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या उपकारांची केलेली तजवीज असते, असा पुढे ज्याच्या लिखाणाचा रोख राहिला, त्याचे स्वतःचे घर एका जुन्या नोकराच्या कृतज्ञतेने सावरले होते. गूरव्हीलच्या मनात त्यातही काही हिशेब होता काय, कोण सांगणार? पण ज्याला पैसे मिळाले त्याची चूल पेटली, एवढे खरे.

काही वर्षांनी तो पॅरिसला परतला. लढाया संपल्या होत्या; आता गप्पांच्या बैठकींचे दिवस होते. अशा बैठका घरी भरविणे हे त्या काळच्या सुशिक्षित फ्रेंच स्त्रियांचे मोठेच कार्य होय. मादाम द साब्ले ही वयस्क, विधवा, धर्मशील स्त्री पोर्ट रॉयलच्या मठाला लागून राहत असे. रोगराईची तिला विलक्षण धास्ती आणि खाण्याची विलक्षण आवड. तिच्या हातचे मुरंबे नावाजलेले होते. तिच्या बैठकीत खेळ असा चाले की, माणसाच्या स्वभावाविषयी कुणीतरी एक विचार मांडायचा, इतरांनी तो घासूनपुसून, तासून लहानात लहान वाक्यात बसवायचा. अशा वाक्याला फ्रेंचमध्ये ‘मॅक्सिम’ म्हणतात. ला रोशफूको, झाक एस्प्री नावाचा विद्वान आणि स्वतः साब्लेबाई यांच्यामध्ये अशी वाक्ये पत्रांतून जात-येत असत. एका पत्रात तर ला रोशफूकोने वाक्ये पाठवून त्यांच्या बदल्यात गाजराचे सूप आणि मटणाचा रस्सा मागितला आहे! जगाला कडू वाटलेले हे पुस्तक अशा खाऊपिऊ घातलेल्या घरात तयार झाले, हे पुष्कळांना माहीत नसते.

आता या वाक्यांत होते काय, ते पाहू. मुख्य विचार एकच आहे. माणसाचे स्वतःवर अपार प्रेम असते आणि ते प्रेम सतत वेश पालटून वावरते. कधी ते दयेचा अंगरखा घालते, कधी मैत्रीचा, कधी विनयाचा. इतरांना तर ते फसवितेच, पण सर्वांत आधी स्वतःला फसविते. एक साधे उदाहरण घेऊ. बक्षीस समारंभात एखाद्या गृहस्थांचा सत्कार होतो. ते उठून म्हणतात, ‘अहो, मी काय केले? सारे आपणा सर्वांमुळे झाले.’ लगेच दुसरे चार जण उठून सांगतात की नाही, नाही, सारे आपणच केले. ला रोशफूको त्या सभेत असता तर मागच्या बाकावरून हळूच हसला असता. नको म्हटल्यामुळे स्तुतीचे ताट दुसऱ्यांदा वाढले गेले, हे त्याच्या नजरेतून सुटले नसते. आपण चूक कबूल करतो, तीही पुष्कळदा लहान चूक असते, कारण मोठी चूक त्यामुळे झाकली जाते. देणगी देणाऱ्याची नजर संगमरवरी पाटीवर आपले नाव कितव्या ओळीत आले याकडे का जाते? मित्राच्या अपयशाची बातमी ऐकताना आपल्या दुःखात एखादा बारीकसा, कबूल न करण्याजोगा सुखाचा कण का असतो? असले हे प्रश्न.

यांतला मित्राविषयीचा विचार पहिल्या आवृत्तीत होता. तो फारच कठोर वाटला म्हणून की काय, दुसऱ्या आवृत्तीपासून त्याने स्वतःच तो गाळून टाकला. तरीही लोकांनी तो विसरला नाही. इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्ट याने स्वतःच्या मृत्यूविषयी लिहिलेली प्रसिद्ध कविता, १६६६ साली गाळलेल्या याच विचारावर उभी केली आहे. ती १७३९ मध्ये छापली गेली.

पुस्तक छापण्यापूर्वी साब्लेबाईंनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. हस्तलिखिताच्या नकला आपल्या ओळखीच्या मंडळींकडे, विशेषतः स्त्रियांकडे, पाठवून त्यांनी लेखी मते मागविली. ही मते जपून ठेवली गेली आहेत. कुणाला वाटले की हे वाचून माणसाचा सद्गुणांवरचा विश्वासच उडेल. कुणी म्हटले, ईश्वरी कृपेवाचून माणूस कसा असतो त्याचे हे चित्र आहे, तेव्हा धर्माला यापासून भय नाही. मादाम द लाफायेत ही तरुण लेखिका तर धसकलीच. हे सारे सुचण्यासाठी मनात केवढा बिघाड असावा लागतो, अशा आशयाचे तिने साब्लेबाईंना लिहिले. दरम्यान १६६४ मध्ये हॉलंडमध्ये लेखकाला न विचारताच एक चोरटी प्रत निघाली. मग पॅरिसचा प्रकाशक क्लोद बार्बां याने १६६५ साल घालून अधिकृत आवृत्ती काढली. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. सुरुवातीच्या चित्रात एक लहान मूल, म्हणजे सत्यप्रेम, रोमन तत्त्वज्ञ सेनेका याच्या पुतळ्यावरचा हसरा मुखवटा काढून आतला कष्टी चेहरा दाखवीत आहे.

आणि आता या सर्व हकिकतीतला माझ्या सर्वांत आवडीचा प्रसंग. त्याच १६६५ सालच्या जानेवारीत पॅरिसमध्ये विद्वानांसाठी एक नियतकालिक सुरू झाले होते. त्यात या पुस्तकाचे परीक्षण साब्लेबाईंनी लिहिले. स्तुती होती, पण पुस्तकावर येणारे आक्षेपही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले होते. छापण्यास देण्यापूर्वी त्यांनी ते ला रोशफूकोला दाखविले आणि हवा तो बदल करण्याची मुभा दिली. ९ मार्चच्या अंकात परीक्षण आले तेव्हा स्तुती जागच्या जागी होती आणि आक्षेप गळाले होते! सर्व मानवजातीच्या आत्मप्रेमाची उलटतपासणी घेणाऱ्या गृहस्थांना स्वतःवरची चार ओळींची टीका सोसली नाही. त्याचे विरोधक यावरून त्याला ढोंगी म्हणतील. मला तसे वाटत नाही. तो खोटे लिहीत नव्हता, याचा याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही.

शिवाय त्याने टीका मनावर घेतली नाही असेही नाही. पुढच्या आवृत्त्या पाहा. १६६६, १६७१, १६७५ आणि १६७८ मध्ये त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीत सुरुवातीलाच आत्मप्रेमावर एक लांबलचक उतारा होता. तो दुसऱ्या आवृत्तीत त्याने काढून टाकला. प्रत्येक वेळी काही वाक्ये गेली, काही नवी आली, काही अर्ध्याने आखूड झाली. दुसऱ्या आवृत्तीत ३०२ होती, पाचवीत ५०४ झाली. आणि या दुरुस्त्यांमध्ये वारंवार दिसते ते म्हणजे ‘पुष्कळदा’, ‘बहुधा’, ‘बहुतेक वेळा’ अशा शब्दांची भर. जेथे पूर्वी सरसकट विधान होते तेथे दार किंचित किलकिले झाले. चौथ्या आवृत्तीपासून पुस्तकाच्या कपाळावर त्याने जे वाक्य घातले, त्यात सद्गुणांना वेश पालटलेले दुर्गुण म्हटले आहे, पण त्यातही हे ‘बहुतेक वेळा’ आहेच. घाईने वाचणारे हा एक शब्द वगळतात आणि मग म्हणतात, पाहा, याला जगात चांगले काही दिसतच नव्हते. व्याकरणाच्या तासाला क्रियाविशेषणाकडे दुर्लक्ष करणाऱ्या मुलांना हे उदाहरण अवश्य द्यावे.

जाता जाता एक गोष्ट. हाच बार्बां प्रकाशक १६७० साली आणखी एक पुस्तक घेऊन आला. शाहजहानच्या मुलांमधील गादीसाठीच्या यादवीचा वृत्तांत त्यात होता आणि तो लिहिणारा होता औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहून गेलेला डॉक्टर फ्रान्स्वा बर्निये. फ्रॉन्दची भाऊबंदकी पाहिलेल्या पॅरिसकरांना दिल्ली-आग्र्याची ती हकिकत अगदी परकी वाटली नसावी. ला रोशफूकोचा दुसरा एक चाहता म्हणजे बोधकथाकार ला फोंतेन. कलिला व दिम्ना या नावाने अरबी-फारसीतून युरोपात पोहोचलेल्या आपल्या पंचतंत्राच्या गोष्टींचे ऋण त्याने पुढे १६७८ मध्ये मोकळेपणी मान्य केले. त्याने १६६८ साली एक कथा ला रोशफूकोला अर्पण केली. स्वतःला फार सुंदर समजणारा एक मनुष्य आरसे टाळून रानात पळतो, तर तेथेही त्याला स्वच्छ पाण्याचा झरा भेटतो. तो झरा म्हणजे हे पुस्तक. झरा इतका सुंदर की त्यापासून दूरही होववत नाही.

असो. आता आपण शिक्षक किंवा पालक या नात्याने विचारावे असा प्रश्न उरतोच. हे पुस्तक तरुणांच्या हाती द्यावे काय? भीती अशी की सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ते वाचून आपल्या बापाच्या कष्टांत आणि आईच्या मायेत स्वार्थ शोधू लागेल. आपल्याकडे कुणी चांगले काम हाती घेतले की ‘याला निवडणुकीला उभे राहायचे असेल’ असे पानाच्या ठेल्यावर उभे राहून म्हणणारे काय कमी आहेत? त्यांना ला रोशफूको वाचण्याची गरज पडलेली नाही. पण त्यांच्यात आणि त्याच्यात फरक आहे. ठेल्यावरचा टीकाकार स्वतःला सोडून बाकी साऱ्यांची नियत तपासतो. ला रोशफूकोने वाचकांना लिहिलेल्या निवेदनात नेमका याच सवयीवर चिमटा काढला आहे. प्रत्येक वाचकाने खुशाल समजावे की हे सर्वांना लागू आहे, फक्त आपणच काय ते अपवाद. अशा थाटाचा सल्ला तो गंभीर चेहऱ्याने देतो. म्हणून मला वाटते, पुस्तक द्यावे, पण वयाची पंचविशी उलटल्यावर द्यावे. आणि देताना सांगावे की दुसऱ्याचे नाव मनात धरून एकही पान वाचायचे नाही.

हा माणूस खरोखर किती कोरडा होता? १६५९ मध्ये छापल्या गेलेल्या एका संग्रहात त्याने स्वतःचे शब्दचित्र लिहिले आहे. आपण स्वभावाने उदास आहोत, तीन-चार वर्षांत जेमतेम तीन-चार वेळा आपल्याला कुणी हसताना पाहिले असेल, असे त्यात तो सांगतो. दयेविषयी तर तो म्हणतो की ती आपल्याला फारशी शिवत नाही आणि मुळीच शिवली नसती तर अधिक बरे. दुःखी माणसाला दया दाखवावी, मनात मात्र येऊ देऊ नये, असे त्याचे मत. चार लोकांपुढे बोलण्याची त्याला इतकी धास्ती होती की फ्रेंच अकादमीचे सभासदत्व त्याने घेतले नाही, कारण तेथे भाषण करावे लागे.

त्यानंतर १६७२ साल आले. चौदाव्या लुईने हॉलंडवर स्वारी केली आणि १२ जूनला त्याच्या फौजेने ऱ्हाईन नदी ओलांडली. पॅरिसला बातमी आली तेव्हा मादाम द सेव्हिन्ये ही प्रसिद्ध पत्रलेखिका ला रोशफूकोजवळच होती. थोरला मुलगा जखमी. एक धाकटा मुलगा ठार. आणि लाँगव्हीलचा तेवीस वर्षांचा तरुण ड्यूकही ठार. जगाच्या लेखी हा तिसरा त्याचा कुणीच नव्हता. त्याच्यासाठी उघडपणे शोक करण्याचा त्याला अधिकारही नव्हता. सेव्हिन्येबाईंनी आपल्या मुलीला लिहिले आहे की त्याचे अश्रू अंतःकरणाच्या तळातून वाहत होते, केवळ निग्रहामुळे त्याने हंबरडा फोडला नाही. तिकडे त्या मुलाची आई शोक करीत होती. वीस वर्षांपूर्वी तुटलेली ही दोन माणसे त्या पहिल्या क्षणी एकट्याने समोरासमोर आली असती, तर बाकी सारे राग-रुसवे गळून पडून केवळ रडणेच उरले असते, असे सेव्हिन्येबाईंना वाटले. तशी भेट झाली नाही. मुखवटा न काढता ज्या माणसाने त्या दिवशी एक दुःख दाखविले आणि दुसरे गिळले, त्याच्या पुढच्या आवृत्त्या वाचताना हा दिवस विसरून चालत नाही.

धसका घेतलेली मादाम द लाफायेत एव्हाना त्याची सर्वांत जवळची मैत्रीण झाली होती. संधिवाताने अडकलेला तो आणि सदा आजारी असलेली ती, दोघे तिच्या घरी रोज बसून वाचीत, बोलत. त्याने आपल्याला बुद्धी दिली आणि आपण त्याचे हृदय सुधारले, अशा अर्थाचे तिचे एक बोलणे सांगतात. १६७८ साली त्याच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी तिची ‘क्लेव्हची राजकन्या’ ही कादंबरीही, नाव न छापता, प्रसिद्ध झाली. फ्रेंच कादंबरीची खरी सुरुवात पुष्कळजण तिच्यापासून मानतात.

पाचव्या आवृत्तीतला शेवटचा विचार लांबलचक आहे आणि मृत्यूविषयी आहे. मरणाची आपल्याला पर्वा नाही असे म्हणणाऱ्यांवर त्याचा विश्वास नाही. वीर कीर्तीसाठी तसे दाखवितो, अडाणी माणसाला समजच नसते. वधस्थानाच्या चौथऱ्यावर चढून नाचणाऱ्या एका नोकराचेही उदाहरण त्याने दिले आहे. मरणाकडे टक लावून पाहणे कुणालाच जमत नाही, असे त्याचे म्हणणे.

मार्च १६८० मध्ये संधिवाताने त्याला घेरले. बिशप बोस्युए अखेरचे धर्मसंस्कार करण्यासाठी आला. ला रोशफूको शुद्धीवर होता, शांत होता. आयुष्यभर केलेला विचार वाया गेला नाही, शेवटच्या घटका त्याला नव्या किंवा परक्या वाटल्या नाहीत, असे सेव्हिन्येबाईंनी त्या दिवसांत लिहिले. १७ मार्चला त्याचा अंत झाला. त्यानंतर त्यांनी मुलीला लिहिलेल्या पत्रात थोरल्या मुलाच्या शोकाचा उल्लेख आहे. तो राजाकडे, दरबाराकडे परत जाईल, त्याचे दुःख तेथे हळूहळू विरेल. पण मादाम द लाफायेतला असा मित्र, अशी सोबत पुन्हा कोठे मिळणार, असे त्यांनी विचारले आहे. लाफायेतबाई त्यानंतर तेरा वर्षे जगल्या.